स्कूल बस नसताना मुलांची ने-आण : रस्ता, वेळ आणि जबाबदारी कशी बसवायची

स्कूल बस बंद झाली, किंवा मुळात नव्हतीच, की घरात पहिला प्रश्न निघतो तो वाहनाचा. गाडीनं सोडायचं, सायकल घेऊन द्यायची, की चालत पाठवायचं? पण बस मुलांना नुसती पोचवत नसते. ती ठरल्या वेळी ठरल्या जागी थांबते, मुलं मोजून घेते, मोजून उतरवते, आणि तेवढ्या वेळात मुलं कुणाच्या ताब्यात आहेत हे घरालाही माहीत असतं आणि शाळेलाही. बस गेली की ही कामं उघडी पडतात. ती कुणी नावानिशी अंगावर घेतली नाहीत तर ती होतच नाहीत. बाबांना वाटतं आई आणेल, आईला वाटतं शेजारच्यांच्या गाडीचा दिवस आहे, शेजाऱ्यांना वाटतं आज मूल शाळेत आलंच नसेल. तिघांचीही चूक नसते आणि मूल मात्र गेटबाहेर उभं असतं.

म्हणून पुढं जे काही सांगितलं आहे त्यात प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट तपासायची: या क्षणी मूल कुणाच्या हातात आहे, आणि तो माणूस ते पुढं कुणाच्या हातात देणार आहे?

आधी रस्ता पायाखालून घाला

नकाशावर अंतर पाहून काही ठरवू नका. मुलाला ज्या वेळी जायचं आहे त्याच वेळी, शाळेच्या दिवशी, तो रस्ता स्वतः चालून बघा. सुट्टीच्या दिवशी सकाळी पाहिलेला रस्ता आणि शाळा भरतानाचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते असतात. दुपारी किंवा संध्याकाळी परतीच्या वेळी तोच रस्ता उलट दिशेनं चाला. सकाळी ज्या कोपऱ्यावर काही नसतं तिथं संध्याकाळी सामान उतरवणारे ट्रक उभे असतात, किंवा खाली आलेला सूर्य थेट चालकाच्या डोळ्यांत जात असतो.

बरोबर कागद ठेवा आणि चार गोष्टींची खूण करा. रस्ता किती वेळा ओलांडावा लागतो. कडेला गाड्या कुठं लागलेल्या असतात. घरांच्या, गोदामांच्या, पेट्रोल पंपांच्या फाटकांतून वाहनं कुठं मागं-पुढं होतात. आणि समोरचं दिसत नाही अशी वळणं कुठं आहेत. या खुणा मोजल्यावर बऱ्याचदा असं दिसतं की जवळचा रस्ता सोडून दोनशे-तीनशे मीटर लांबचा घेतला तर मोठा रस्ता तीनदाऐवजी एकदाच ओलांडावा लागतो, आणि तोही सिग्नलवर. लांबचाच रस्ता घ्या. पाच मिनिटं जास्त चालण्यानं मुलाचं काही बिघडत नाही. ओलांडणं जितकं कमी, तितका धोका कमी.

फूटपाथ नसेल तिथं समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चालायचं. मोठा माणूस रस्त्याकडच्या बाजूला, मूल कडेला. आंधळं वळण असेल तर वळणाच्या बरंच आधी, जिथून दोन्हीकडचं दिसतं तिथं, बाजू बदलून घ्यायची.

आता वेळ. मोठ्या माणसाच्या चालीनं हिशेब केला की रोज उशीर होतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला दप्तर घेऊन एक किलोमीटर जायला 15 ते 20 मिनिटं लागतात. समजा शाळा दीड किलोमीटरवर आहे: चालायला 27 मिनिटं, दोन सिग्नलांवर मिळून 3, बरोबरच्या मुलासाठी थांबायला 2, आणि गेटमधून वर्गापर्यंत 5. म्हणजे घंटा आठची असेल तर 7 वाजून 23 मिनिटांनी पाय दाराबाहेर पडायला हवा. बूट घालायला सुरुवात नव्हे, पाय बाहेर. ही वेळ कागदावर लिहून दाराला लावा. घाईत निघालेलं मूल पळत रस्ता ओलांडतं, त्यामुळं घरातली पाच मिनिटांची दिरंगाई रस्त्यावर महागात पडते.

अंतराचा अंदाज असा धरता येतो. लहान वर्गातल्या मुलाला एक किलोमीटरपर्यंत रोज चालणं जमतं, आठ-दहा वर्षांच्या मुलाला दीड ते दोन. त्यापुढं तीन-चार किलोमीटरपर्यंत सायकलचा विचार करता येतो, पण रस्ता तसा असेल तरच. त्याहून लांब शाळा असेल तर गाडी, व्हॅन किंवा सार्वजनिक वाहन. एकच साधन सगळ्या प्रवासाला वापरायला हवं असं नाही. गाडीनं शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर सोडून उरलेलं अंतर चालत, ही व्यवस्था पुष्कळ घरांना सोयीची पडते आणि शाळेसमोरची गर्दीही हटते.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 ते 15 टक्क्यांच्या आत ठेवा. 25 किलोच्या मुलाला अडीच ते पावणेचार किलो. घरातल्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघा. जड पुस्तकं पाठीकडच्या कप्प्यात, दोन्ही पट्टे खांद्यावर आणि दप्तराचा तळ कमरेच्या खाली लोंबणार नाही इतके आवळलेले.

रस्ता ओलांडायला शिकवणं

या भागाला सगळ्यात जास्त दिवस द्या.

"नीट बघून जा" या सूचनेतून मूल काही शिकत नाही. त्याला बघताही येतं आणि ते बघतंही, पण जे दिसलं त्याचा अर्थ लावणं त्याला जमत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजमधल्या संशोधकांनी 2010च्या सुमारास दाखवून दिलं की ताशी 32 किलोमीटरपेक्षा वेगानं समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना खात्रीनं ओळखता येत नाही. ताशी 50 किलोमीटरनं येणारी गाडी एका सेकंदात 14 मीटर पुढं येते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच साधारण तेवढा वेळ जातो. ताशी 30ला हेच अंतर 8 मीटर. त्यामुळं दहाएक वर्षांच्या आतल्या मुलाला "गाडी लांब आहे, तेवढ्यात जाशील" असा अंदाज करायला कधीच शिकवू नका. त्याचा नियम साधा हवा: गाडी येताना दिसते आहे, मी थांबतो. ती थांबली किंवा निघून गेली की मग पुन्हा बघतो.

सराव असा घ्या. पहिले चार-पाच दिवस ओलांडताना तुम्ही जे करता ते मोठ्यानं बोला: "कडेला थांबले. आधी ज्या बाजूनं गाडी आपल्याजवळ येते तिकडं बघितलं. मग दुसरीकडं. मग परत पहिलीकडं. वळणारी गाडी आहे का? नाही. आता चालायचं, पळायचं नाही, चालताना बघत राहायचं." पुढचे काही दिवस हेच मुलानं बोलायचं आणि हात तुमचाच धरायचा. त्यानंतर मूल पुढं, तुम्ही हाताच्या अंतरावर मागं. कधी निघायचं हे त्यानं सांगायचं आणि तुम्ही फक्त चुकीच्या वेळी अडवायचं. मग वीस-तीस पावलांवरून मागं राहायचं. सगळ्यात शेवटी त्यानं एकट्यानं जायचं आणि तुम्ही वाटेतल्या ठरलेल्या जागी उभं राहायचं. एका दिवशी जमलं म्हणजे शिकलं असं धरू नका. मित्र बरोबर असताना, पाऊस असताना, उशीर झालेला असताना जमतं का ते पाहा. एकटं पाठवायचं वय साधारण दहाच्या पुढचं, पण वयाच्या आकड्यापेक्षा या शेवटच्या तीन प्रसंगांत मूल कसं वागतं ते महत्त्वाचं.

काही जागा मुद्दाम दाखवून शिकवाव्या लागतात.

पहिली जागा, उभ्या गाड्यांच्या मधली. शक्यतो तिथून ओलांडायचंच नाही. पण दुसरा मार्गच नसेल तर कडेवरून थेट रस्त्यावर जायचं नाही. आधी बघायचं, दोन्ही गाड्यांत कुणी बसलंय का, दिवे किंवा इंजिन सुरू आहे का. मग गाड्यांच्या बाहेरच्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा थांबायचं. ते टोक म्हणजेच खरी कड. इथं एकदा मुलाच्या उंचीला खाली बसून बघा. तुम्हाला गाड्यांच्या टपांवरून सगळा रस्ता दिसत होता, त्याला दिसतो आहे तो फक्त एक दरवाजा आणि चाक. चालकालाही मूल तसंच दिसत नाही. गाडीच्या पुढून अचानक दप्तराचा एक कोपरा बाहेर येतो, आणि तेव्हा फार थोडा वेळ उरलेला असतो.

दुसरी, दोन लेनचा रस्ता. जवळच्या लेनमधली गाडी मुलासाठी थांबते, चालक हातानं "जा" म्हणून खुणावतो, मूल आनंदानं पळतं, आणि थांबलेल्या गाडीच्या पलीकडून दुसरी गाडी तशीच येते. तिच्या चालकाला मूल दिसलेलंच नसतं. चालकाचा हात म्हणजे परवानगी नव्हे हे मुलाला ठाम सांगा. थांबलेल्या गाडीच्या बाहेरच्या टोकाशी पुन्हा थांबायचं, पलीकडच्या लेनमध्ये डोकावायचं, तिथलं चाक थांबलेलं दिसलं की पुढं. नजरेला नजर देण्यावरही फार विसंबू नका, काचेवर उजेड असला की चालकाचे डोळे दिसतच नाहीत. चाकं दिसतात. चाकं थांबली का, एवढं बघायला शिकवा.

तिसरी, ज्या बसमधून उतरलो तिच्याच पुढून किंवा मागून ओलांडणं. बस पूर्ण निघून जाईपर्यंत कडेला थांबायचं. आणि चौथी बाब जागेची नसून सवयीची आहे: हातातलं काही रस्त्यात पडलं तर ते उचलायला मागं फिरायचं नाही. चेंडू, टोपी, डबा, काहीही. घरी रागावणार नाही हे मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते वाकणारच.

चालती बस

एकाच भागातली मुलं एका मोठ्या माणसाबरोबर रांगेनं चालत जातात, वाटेत ठरल्या थांब्यांवर आणखी मुलं मिळत जातात. या कल्पनेला "चालती स्कूल बस" हे नाव 1990च्या दशकात ऑस्ट्रेलियातले वाहतूक कार्यकर्ते डेव्हिड एंग्विक्ट यांच्यामुळं पसरलं. जपानमध्ये तर अनेक ठिकाणी प्राथमिक शाळेतली मुलं शेजारपाजारचा गट करून, वरच्या वर्गातल्या मुलाला पुढं ठेवून, रोज अशीच शाळेत जातात. खर्च जवळजवळ शून्य. लागतात ती माणसं, आणि त्यांचा हिशेब आधीच मांडावा लागतो.

चार ते सहा वर्षांच्या तीन मुलांमागं एक मोठं माणूस आणि सात ते नऊच्या सहा मुलांमागं एक, हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरलं जातं. गट कितीही छोटा असला तरी दोन माणसं ठेवा. एक पुढं, एक मागं. मुलाच्या बुटाची लेस सुटली, कुणाला ओकारी झाली, कुणी रडत बसलं, तर एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं बाकीच्यांना घेऊन सुरक्षित जागी उभं राहायचं. एकटा माणूस हे करू शकत नाही.

बारा घरांची बारा मुलं आहेत आणि त्यांतली तीन-चार लहान आहेत असं धरू. रोज तीन माणसं लागतील. आठवड्याच्या पाच सकाळी म्हणजे 15 खेपा, परतीच्याही धरल्या तर 30. बारा घरांत वाटल्या तर प्रत्येक घराच्या वाट्याला आठवड्याला अडीच. हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगा. तो ऐकून पुष्कळ गट फक्त सकाळची चालती बस करतात आणि परतीसाठी दुसरी सोय बघतात. त्यात कमीपणा काही नाही. अडीच खेपांचं ओझं न सांगता सुरू केलेली चालती बस महिन्याभरात दोन उत्साही माणसांच्या गळ्यात पडते, ती दमतात आणि सगळंच बंद होतं.

सुरुवात लहान करा: एक मार्ग, चार-पाच घरं, आठवड्यातून दोन सकाळी, तीन आठवडे. थांबे दोन किंवा तीनच. प्रत्येक थांब्याची वेळ मिनिटासकट ठरलेली. थांबायचं ते फक्त दोन मिनिटं. नंतर आलेल्या मुलाला त्याच्या घरच्यांनी शाळेत न्यायचं. हा नियम पहिल्या दिवशीच कडक वाटतो, पण एका मुलासाठी दहा जण पाच मिनिटं थांबले की पुढच्या थांब्यावरचं मूल एकटं उभं राहतं आणि त्याचे पालक कामाला निघून गेलेले असतात. थांब्यावर मूल सोडताना पालकांनी "आला" म्हणून हात करून निघून जायचं नाही. पुढच्या माणसानं मुलाचं नाव मोठ्यानं म्हणेपर्यंत थांबायचं. तिथं हात बदलला.

मोजणीसाठी प्रत्येक मुलाला कायमचा आकडा द्या. निघताना, प्रत्येक थांब्यानंतर, मोठा रस्ता ओलांडल्यावर आणि गेटवर मुलांनी स्वतःचे आकडे ओरडायचे. चार नंबर गैरहजर असेल तर पाच नंबरनं थांबून विचारायचं, "चार?" मुलांना हे खेळासारखं वाटतं आणि मोठ्यांना कागद काढावा लागत नाही. तरी कागद असावाच: मुलाचं नाव, दोन मोठ्या माणसांचे फोन, औषध किंवा ॲलर्जी असल्यास तिची नोंद. ज्याची ड्युटी त्याच्या खिशात, आणि एक प्रत शाळेच्या ऑफिसात.

रस्ता ओलांडताना रांग तोडू नका. सगळी मुलं कडेला गोळा होईपर्यंत थांबा, मग एकदमच जा. हिरवा दिवा मध्येच बदलणार असं वाटलं तर अर्धी मुलं पुढं न्यायची नाहीत, सगळ्यांनी पुढच्या हिरव्याची वाट बघायची. पुढचा माणूस निम्म्या रस्त्यावर वाहनांकडं तोंड करून उभा राहतो, मागचा सगळ्यात शेवटी निघतो.

सायकल

सायकल मुलाला आवडते म्हणून नव्हे, तर त्याला चार गोष्टी जमतात म्हणून द्यायची. मोकळ्या मैदानात तपासा: आखलेल्या रेषेवरून सरळ चालवणं, न डगमगता मागं वळून बघणं, एका हातानं दिशा दाखवत दहा मीटर जाणं, आणि सांगितलेल्या खुणेवर थांबणं. मागं बघताना हँडल वळत असेल तर ते मूल अजून रस्त्यासाठी तयार नाही. रस्त्यावर मागं बघावंच लागतं, आणि तेव्हा हँडल वळतं ते वाहनांच्या दिशेला.

सायकल मापाची हवी. "दोन वर्षं पुरेल" म्हणून मोठी घेतलेली सायकल मुलाला थांबवता येत नाही. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि पंजा न ताणता ब्रेकची मूठ दोन बोटांत आली पाहिजे. दोन्ही ब्रेक आवळून सायकल पुढं ढकलून बघा, चाक फिरता कामा नये. रोज निघताना हवा, ब्रेक आणि चेन, एवढं हात लावून बघायचं. अर्धा मिनिट लागतो.

हेल्मेट डोक्यावर आडवं बसलं पाहिजे, मागं कललेलं नको. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कानाखाली इंग्रजी व्हीसारख्या जुळतात. हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच जागा. मग मुलाला मोठ्ठा आ करायला सांगा. हेल्मेट डोक्यावर थोडं खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर आहे. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं, आतला फोम दबलेला असतो.

दप्तर हँडलला अडकवलं की ते पुढच्या चाकात जातं. मागच्या कॅरियरवर घट्ट बांधा. एकच मोठं माणूस बरोबर असेल तर त्यानं मुलाच्या मागं आणि थोडं रस्त्याच्या बाजूला राहून चालवायचं, म्हणजे मागून येणारी गाडी त्याला बघून वळसा घेते. उभ्या गाड्यांपासून एक दरवाजा उघडेल एवढं, म्हणजे निदान मीटरभर, अंतर ठेवायचं. आणि चौकात ट्रकच्या किंवा बसच्या बाजूनं पुढं सरकायचं नाही, कितीही जागा दिसो. ट्रक वळताना त्याची मागची चाकं आत येतात आणि त्या बाजूचं चालकाला दिसत नाही.

गटानं सायकली नेणंही जमतं. बार्सिलोनामध्ये 2021 साली मुलं-पालक मिळून रस्त्याची लेन भरून शाळेत जाऊ लागले तेव्हा "बिसीबुस" हे नाव जगभर पोचलं. नियम चालत्या बसचेच, फक्त पुढचा माणूस सगळ्यात सावकाश मुलाच्या वेगानं जातो.

आळीपाळीनं गाडी

चार-पाच घरांनी मिळून गाडीची पाळी लावणं सोपं दिसतं, पण ते वारांवर लावा. "एक आठवडा तुमचा, एक आमचा" यात विसरायला होतं. "मंगळवार म्हणजे अमुक यांचा" हे मुलालाही पाठ होतं. सकाळ आणि परत वेगवेगळी मोजा, कारण सकाळी मोकळा असणारा माणूस दुपारी मोकळा असेलच असं नाही. पैशांचा हिशेब शक्यतो नको, फेऱ्यांचा ठेवा. महिन्याअखेर कुणाच्या किती झाल्या ते बघून पुढच्या महिन्यात भरून काढा. मुलांना नेण्याचे पैसे घ्यायचे असतील तर गाडीच्या विम्यात ते चालतं का हे आधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या. काही विम्यांत भाडं घेतल्यावर खाजगी वापर उरत नाही.

मुलं तेवढीच, जेवढे सीट बेल्ट. "आजच्या दिवस चार जण मागं बसतील" हे वाक्य ज्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं जातं त्यानंतर ते रोज म्हटलं जातं. बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलं मागच्या सीटवरच. गाडीचा बेल्ट मोठ्या माणसाच्या अंगाच्या मापाचा असतो, म्हणून मूल 145 सेंटिमीटरच्या आसपास पोचेपर्यंत बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक, वापरा. बेल्ट बसतो का हे बघायची खूण अशी: पाठ सीटला टेकलेली, गुडघे सीटच्या कडेला वाकलेले, तिरका पट्टा खांद्याच्या आणि छातीच्या मधून, आडवा पट्टा मांड्यांवर. पट्टा मानेला घासत असेल किंवा पोटावर येत असेल तर बूस्टर लागतोच. मूल पट्टा काखेखालून घेतं तेही याच कारणानं.

इथं एक गोष्ट नेहमी राहून जाते. सकाळी बूस्टर एका गाडीत गेला आणि दुपारी दुसरी गाडी आली. मग दुपारी बूस्टर नाही. प्रत्येक गाडीत जादा एक ठेवा, किंवा मुलाबरोबर शाळेत उतरवून ऑफिसजवळ ठेवायची परवानगी घ्या. बूस्टरवर नाव लिहा.

नियम मोजके असावेत आणि लेखी: दोन मिनिटं थांबणार, वाटेत कुठं उतरणार नाही, मुलाला घरी सोडताना मोठं माणूस दारात दिसेपर्यंत गाडी हलणार नाही, दारात कुणी नसेल तर मूल गाडीतच राहील आणि फोन केला जाईल. निरोप एकच, मुलं उतरल्यावर आणि गाडी उभी असताना: "चार जण पोचले." आकड्यासकट. ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटं तो आला नाही तर कोण फोन करणार, त्याचं नावही ठरवा. निरोप आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजायचं नाही.

गाडीतून उतरताना चालकानं मागं वळून मागच्या सीटवर हात फिरवायचा. झोपलेलं लहान मूल सीटच्या कोपऱ्यात दिसत नाही. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंश सेल्सिअसनं चढतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापतं. भाड्यानं लावलेल्या व्हॅनमध्ये तर ही तपासणी चालकाच्या कामाचा भाग म्हणून लिहून घ्या. व्हॅन पसंत करायला सकाळी नव्हे, न सांगता परतीच्या वेळी जा. किती मुलं बसतात, दार चालू गाडीत उघडं असतं का, चालक सोडून दुसरं माणूस आहे का, हे तेव्हाच कळतं. परवाना, विमा आणि वाहनाची तपासणी झाल्याचे कागद मागताना संकोच करू नका.

दुचाकीवर नेत असाल तर मुलाचे पाय फूटरेस्टपर्यंत पोचत असतील, आणि त्याला मापाचं हेल्मेट असेल, तरच. पुढं उभं करून नाही, दोन मुलं नाही.

शाळेचं गेट

सगळ्यात जास्त गोंधळ शेवटच्या शंभर मीटरमध्ये असतो, कारण तिथं सगळ्यांनाच आपलं मूल अगदी दारात उतरवायचं असतं. तीनशे ते पाचशे मीटरवर गाडी लावून चालत जा. ते जमणारच नसेल तर मूल फूटपाथच्या बाजूनं उतरवा, समोरच्या बाजूला थांबून त्याला हाक मारू नका. हाक ऐकली की मूल रस्ता बघत नाही, आईकडं बघतं. गेटसमोर यू-टर्न आणि रिव्हर्स हे दोन प्रकार पूर्णपणे टाळा. मुलं सुटायच्या वेळी गाडीच्या मागं मुलाचं डोकं काचेच्या खाली असतं.

मूल कुणाला द्यायचं याची यादी शाळेकडं लेखी द्या. तीन-चार नावं पुरेत, फोटोसह असतील तर उत्तम. आयत्या वेळी यादीबाहेरचं माणूस पाठवायचं झालं तर फोन तुम्हीच शाळेला करायचा, आणि त्या माणसाला घरातला ठरलेला परवलीचा शब्द सांगून ठेवायचा. मुलानं तो विचारायचा. शब्द एकदा वापरला की बदलायचा.

मूल सुटलं आणि कुणी आलंच नाही, तर? हे मुलाला आधी माहीत हवं: गेटबाहेर उभं राहायचं नाही, मित्राच्या आईबरोबर जायचं नाही, आत जायचं, ऑफिसात जाऊन सांगायचं. महिन्यातून एकदा प्रश्न विचारून बघा, "मी आले नाही तर काय करशील?" आणि उत्तर ऐकून घ्या. दोन फोन नंबर पाठ करून घ्या. दप्तरात आतल्या बाजूला कार्ड ठेवा. बाहेरून नाव दिसेल असं लिहू नका, अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो.

शाळेशी एक करार मात्र करायलाच हवा. मूल येणार नसेल तर घंटेआधी तुम्ही कळवायचं, आणि न कळवता मूल वर्गात नसेल तर शाळेनं पहिल्या तासातच फोन करायचा. बस असताना ही उणीव लक्षात येत नव्हती. आता चालत निघालेलं मूल शाळेत पोचलं नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.

साधी बस किंवा ट्रेन

मोठ्या मुलाला सार्वजनिक वाहनानं पाठवताना चुकल्यावर काय करायचं याचा सराव जास्त घ्या. मुद्दाम एक थांबा पुढं उतरा आणि त्याला परत यायला सांगा, तुम्ही बरोबर राहा. बस चुकली तर पुढची किती वाजता, ती आलीच नाही तर किती वेळ थांबून फोन करायचा, फोन बंद पडला तर कुणाकडं मदत मागायची: चालक, कंडक्टर, तिकीट खिडकी. पास हरवल्यासाठी दप्तराच्या वेगळ्या कप्प्यात एका फेरीचे पैसे.

पाऊस, धुकं, अंधार

गडद कपड्यातलं माणूस गाडीच्या खाली झुकवलेल्या दिव्यांत (लो बीममध्ये) साधारण 30 मीटरवर दिसतं. रिफ्लेक्टरची पट्टी शंभर मीटरच्याही पुढून चमकते. ती दप्तरावर असावीच, पण पाठीवरची पट्टी मूल वळलं की दिसत नाही. घोट्याला आणि मनगटाला लावलेली पट्टी हलते, आणि हलणारा उजेड म्हणजे माणूस, हे चालकाच्या लगेच लक्षात येतं. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण लहान मूल वाऱ्यात छत्री पुढं धरतं आणि मग त्याला रस्ताच दिसत नाही. रेनकोटच्या टोपीचंही तसंच आहे. डोकं वळतं, टोपी वळत नाही, आणि बाजूची गाडी कापडाआड राहते. टोपीच्या आत कॅप घालायला द्या, कॅपची झडप टोपीला डोक्याबरोबर फिरवते. नाहीतर ओलांडताना टोपी मागं टाकायची, डोकं ओलं झालं तरी चालेल.

मुसळधार पावसाची व्यवस्था कोरड्या दिवशीच ठरवा: चालती बस रद्द झाल्याचं कोण, किती वाजेपर्यंत कळवणार, आणि त्या दिवशी कुठलं मूल कुठल्या गाडीत. निघायच्या वेळेआधी निदान 45 मिनिटं. पंधरा मिनिटं आधी आलेल्या निरोपावर कुणालाच काही करता येत नाही.

पहिले तीन आठवडे रोज दोन ओळी लिहून ठेवा: किती वाजता निघालो, किती वाजता पोचलो, कुठं अडलं. मग बसून वाचा. एकाच ठिकाणी तीनदा उशीर झालेला दिसेल. बहुतेक वेळा तो थांबा असतो किंवा एक सिग्नल, आणि थांबा पन्नास मीटर अलीकडं आणला की प्रश्न सुटतो. शाळेची वेळ बदलली, वाटेत बांधकाम सुरू झालं, मुलाची इमारत बदलली किंवा कुणा एका घराची नोकरीची वेळ बदलली, की तो रस्ता पुन्हा एकदा कागद घेऊन चालायचा.